घटक ४ : डोंगराचे देव – नावे, कथा आणि नोंद

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• सह्याद्री व सातमाळा परिसरातील आदिवासी समाजांच्या काही प्रमुख दैवतांचा परिचय करून देता येईल.
• दैवतांच्या नावांची भाषिक घडण उलगडून सांगता येईल.
• दैवतकथा, विधी आणि लोकजीवन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• दैवतांची नोंद करताना माहिती देणाऱ्याचे म्हणणे आणि स्वतःचा अन्वयार्थ वेगळे ठेवता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण दैवतकथा, आख्यायिका आणि लोककथा यांतील भेद पाहिला. या घटकात आपण एका मर्यादित क्षेत्रातील दैवतकथांचा जवळून विचार करणार आहोत. हे क्षेत्र म्हणजे डोंगरात राहणाऱ्या समाजांचे दैवतविश्व.

नावडे येथील घराच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले की तळोज्याच्या कारखान्यांच्या धुरापलीकडे माथेरान-प्रबळगडाची रांग दिसते. तिच्या कुशीत ठाकर आणि कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. उत्तरेला पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत वारली, कोकणा, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. आपल्यापैकी अनेकजण रोज लोकलमधून किंवा एस.टी.तून हे डोंगर पाहतात. काहीजण तर तेथूनच आलेले आहेत.

‘डोंगरी लोक आणि त्यांचे देव’ हा विषय कादंबरीकारांनाही भुरळ घालणारा आहे. इंग्रज लेखक टॉल्किन हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणाऱ्या काल्पनिक लोकांचे देव, पर्वत व सृष्ट्युत्पत्तीच्या कथा रचल्या. अशा रचनेत प्रत्येक देवाचे खाते लेखकाने ठरवून दिलेले असते : हा वाऱ्याचा, ही समुद्राची, तो मृत्यूचा. प्रत्यक्ष लोकांच्या दैवतविश्वात असे खातेवाटप क्वचितच आढळते. तेथे देवांची नावे पिढ्यान्‌पिढ्यांच्या उच्चारांनी घासून गुळगुळीत झालेली असतात आणि एकाच देवाच्या कथा पाड्यापाड्यागणिक बदलतात. म्हणून त्यांचा अभ्यास यादी करून संपत नाही. नाव कसे घडले, कथा कोण सांगतो, केव्हा सांगतो आणि आपण ती कोणत्या शब्दांत लिहितो, हे सारे पाहावे लागते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ डोंगरावरचे देव आणि डोंगराचे देव

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. वणीची सप्तशृंगी किंवा जेजुरीचा खंडोबा ही डोंगरावर वसलेली दैवते आहेत. त्यांचे बहुसंख्य भक्त मैदानात राहतात आणि दर्शनासाठी डोंगर चढतात. ग्रीकांचे देवही ऑलिंपस पर्वतावर राहत, त्यांना पुजणारी नगरे मात्र खाली होती. येथे डोंगर हे देवाचे स्थान आहे.

याउलट नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, कळवण, बागलाण या भागांत कोकणा आणि अन्य आदिवासी समाज मार्गशीर्ष महिन्यात ‘डोंगऱ्या देवा’चा उत्सव करतात. येथे डोंगर हाच देव आहे. व्रत घेतलेली माणसे काही दिवस घराबाहेर, उघड्यावर राहतात, आहाराचे व वागण्याचे नियम पाळतात आणि पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी रात्र जागवून व्रताची सांगता होते. व्रत घेतलेल्यांना ‘माऊली’ म्हटले जाते. हाच शब्द वारकरी संप्रदायात ज्ञानेश्वरांसाठी आणि वारीतल्या प्रत्येकासाठी वापरला जातो, हे तुम्हांला ठाऊक आहे. शब्द एक असला तरी दोन्हींकडची श्रद्धा व आचार वेगळे आहेत. शब्दसाम्यावरून दैवतसाम्य गृहीत धरू नये, हा या घटकाचा पहिला धडा होय.

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीचे उदाहरण या दोन्हींच्या मधोमध येते. तिचे मूळ स्थान डोंगरावर असल्याची श्रद्धा आहे. एक गरोदर स्त्री दर्शनासाठी डोंगर चढताना थकून कोसळली, तेव्हा ‘आता मीच खाली येते’ असे म्हणून देवी पायथ्याशी आली, अशी कथा सांगतात. चैत्र पौर्णिमेला पायथ्याशी मोठी यात्रा भरते आणि वाघाडी गावचा पुजारी रात्री डोंगरमाथ्यावर ध्वज लावतो. नाव पुराणांतील देवीचे आहे. कथेतील देवी मात्र चढणीवर दमलेल्या बाईसाठी स्वतःची जागा सोडते. डोंगर चढून पाणी आणि मोळ्या वाहणाऱ्या स्त्रियांच्या समाजात ही कथा का रुजली असेल, याचा विचार करा.

४.३.२ नावांची घडण

वारली समाजाच्या गीतांत आणि बोलण्यात धरतरी, कणसरी आणि गावतरी ही तीन नावे येतात. धरतरी म्हणजे जमीन, कणसरी म्हणजे धान्य आणि गावतरी म्हणजे गाय. ज्यांच्यावर जगणे अवलंबून आहे, त्या तिघींची ही नावे आहेत. त्यांची घडण आता क्रमाने पाहू.

(अ) धरतरी : संस्कृत ‘धरित्री’ या शब्दातील मधला इकार लोपला आणि ‘त्र’ हे जोडाक्षर फुटून ‘तर’ झाले. जोडाक्षर स्वर घालून फोडण्याच्या या प्रवृत्तीला ‘स्वरभक्ती’ म्हणतात. ‘धर्म’चे ‘धरम’ होते, तसेच हे आहे.

(आ) कणसरी : ‘कणीस’ या नामाचे सामान्यरूप ‘कणसा-’ असे होते (कणसाला, कणसाचा). त्याच ‘कणस-’ अंगाला ‘-री’ जोडून हे नाव सिद्ध झालेले दिसते. म्हणजे देवीच्या नावातच भाताचे किंवा नाचणीचे कणीस आहे.

(इ) गावतरी : हे नाव ऐकताच पुष्कळजण ते ‘गायत्री’ असे ‘सुधारून’ लिहितात. ‘गायत्री’चे स्वरभक्तीने ‘गायतरी’ होऊ शकते, हे खरे. परंतु येथे जमीन आणि धान्य यांच्या शेजारी गाय उभी आहे, वेदमंत्राचा छंद नव्हे. शिवाय गायीसाठी ‘गाव-’ हे अंग आपल्या भाषांत फार जुने आहे. पतंजलीने ‘महाभाष्या’त ‘गौ’ या शब्दाची लोकांच्या तोंडी असलेली रूपे नोंदवली, त्यांत ‘गावी’ हे रूप आहे. व्याकरणकाराने त्यांना अपशब्द म्हटले, पण ती नोंदवून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती उपयोगी पडतात. नोंद करणाऱ्याने ऐकलेले रूप जसेच्या तसे लिहावे, ते का, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे. ‘गायत्री’ लिहिले की वहीतून गाय नाहीशी होते.

आणखी काही नावे पाहू. ‘वाघोबा’तील ‘-बा’ हा बापाचा वाचक असून तो खंडोबा, म्हसोबा, विठोबा यांतही आहे. ज्याचे भय वाटते त्यालाही नात्यात ओढून घेण्याची ही रीत आहे. ‘वाघ्या’ हे रूपही ऐकू येते, पण खंडोबाच्या उपासकाला ‘वाघ्या’ म्हणतात तो निराळा. ‘हिरवा’ हे वारली कुलाचाराचे दैवत असून मोरपिसांच्या जुडीच्या रूपाने ते घरात असते. ‘नारनदेवा’चा संबंध पावसाशी जोडला जातो. नारन हे नाव ‘नारायण’ या नावाच्या जवळ आहे, परंतु वारली माणूस त्याच्याकडे पाऊस मागतो, वैकुंठ मागत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘स्वरभक्ती’ म्हणजे काय?
२. ‘कणसरी’ हे नाव कोणत्या नामाच्या अंगापासून सिद्ध झालेले दिसते?
(आ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात डोंगर हे केवळ देवाचे निवासस्थान मानले जाते.
२. ‘गावतरी’ या नावाची नोंद ‘गायत्री’ अशी करणे योग्य आहे.

४.३.३ वाघबारस : एक तिथी, दोन पूजा

आश्विन वद्य द्वादशीला मैदानी महाराष्ट्रात वसुबारस साजरी होते. सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गायीची पूजा करून दिवाळीला प्रारंभ होतो. त्याच तिथीला सह्याद्रीच्या डोंगराळ भागांत महादेव कोळी, ठाकर, वारली आदी समाज ‘वाघबारस’ करतात आणि वाघोबाला नैवेद्य देतात. काही गावांत गुराखी मुले खीर शिजवतात, एकजण वाघ होतो आणि बाकीचे त्याला शिवेबाहेर पिटाळतात.

एकाच दिवशी खाली गाय पुजली जाते आणि वर वाघ. दोन्हींकडे चिंता मात्र एकच आहे : गोठ्यातील जनावर जगले पाहिजे. मैदानात त्यासाठी गायीला ओवाळले जाते. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला गायीइतकाच वाघाशी व्यवहार करावा लागतो.

या व्यवहाराची कथाही आहे. वारली समाजात सांगितल्या जाणाऱ्या एका कथेनुसार, एका अविवाहित मुलीला मुलगा झाला. तो रानात खेळताना वाघाचे रूप घेई आणि गुरे मारी. गाव चिडले. तेव्हा आईने मध्यस्थी केली. मुलाने रानात राहावे आणि गावाचे रक्षण करावे, गावाने वर्षातून एकदा त्याला त्याचा वाटा द्यावा, असे ठरले. या कथेत वाघाचा वध होत नाही आणि कोणी पराक्रमी वीरही येत नाही. एक करार होतो आणि तो करार आई घडवून आणते.

वाघोबाच्या लाकडी किंवा दगडी फलकांवर वाघासोबत पुष्कळदा सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. तुम्ही प्राचीन मराठीच्या अभ्यासपत्रिकेत शिलाहार-यादवकालीन गद्धेगाळ पाहिले आहेत. दानलेख कोरलेल्या त्या दगडांवरही चंद्रसूर्य असतात आणि ‘चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान टिकावे’ असा त्यांचा अर्थ होतो. वाघोबाच्या फलकावरील चंद्रसूर्यही कराराचे साक्षीदार म्हणून वाचता येतील. हा माझा अन्वयार्थ आहे, फलक घडवणाऱ्याचे विधान नव्हे. हा भेद मी येथे मुद्दाम बोलून दाखवत आहे.

येथे एक भाषिक तपशीलही ध्यानात ठेवावा. ग्रामीण बोलींत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ आणि बिबट्या या दोघांसाठी वापरला जातो. ठाणे-पालघरच्या डोंगरांत आज वावर आहे तो बिबट्याचा. म्हणून ‘वाघ उरला नाही, तरी वाघोबा उरला’ असे वाक्य लिहिण्याचा मोह टाळावा. बोलणाऱ्यांच्या भाषेत वाघ अजून तेथेच आहे.

४.३.४ धवलेरी आणि चौक

वारली विवाहात घराच्या आतील भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. हे काम सुवासिनी करतात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. विवाहविधी चालवणारी आणि गीते गाणारी स्त्री ‘धवलेरी’ या नावाने ओळखली जाते.

हा शब्द तुम्हांला परका वाटू नये. तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ तुमच्या अभ्यासक्रमात आहेत. ‘धवळा’ म्हणजे विवाहप्रसंगी गायचे गीत. ते गाणारी ती धवलेरी. जो शब्द आज प्रमाण मराठीत वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकापुरता उरला आहे, तो वारली पाड्यावर एका जिवंत भूमिकेचे नाव आहे. आदिवासी बोली म्हणजे प्रमाण मराठीचे बिघडलेले रूप, हा समज किती उथळ आहे, हे दाखवण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

१९७० नंतरच्या दशकांत वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती चित्रे साड्यांवर, कपबशांवर आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात. चित्र शहरात आले, गीत मात्र पाड्यावरच राहिले. लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याला चौक पाहून थांबता येत नाही, कारण पालघट कोण हे चित्र सांगत नाही, धवलेरी गाते.

गाण्यालाही काळवेळ असते. तारपा हे वाद्य नवे धान्य येईपर्यंत वाजवत नाहीत. नवे धान्यही आधी देवाला दिल्यावाचून खात नाहीत. म्हणजे दैवतकथा आणि दैवतगीते वाटेल तेव्हा ध्वनिमुद्रित करण्याजोगी ‘माहिती’ नाहीत. ती ऋतूला बांधलेली आहेत.

४.३.५ ‘म्हणजे’ कोणाचे?

डोंगरी समाजांच्या दैवतांची लेखी नोंद प्रथम मोठ्या प्रमाणावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. कातकरी स्वतःला रामाच्या वानरसेनेचे वंशज मानतात, ही कथा त्यात नमूद आहे. पुढे वारली समाजावर के. जे. सावे यांचा ग्रंथ १९४५ मध्ये आणि ठाकरांवर ल. ना. चापेकर यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला. या नोंदी मोलाच्या आहेत. तथापि त्या बाहेरच्यांनी, बहुधा इंग्रजीत लिहिल्या आणि अनोळखी दैवताची ओळख ओळखीच्या दैवताच्या आधाराने करून दिली.

हीच सवय आपल्या लेखणीलाही आहे. तिचे साधन म्हणजे ‘म्हणजे’ हा शब्द. ‘कणसरी म्हणजे अन्नपूर्णा’, ‘नारनदेव म्हणजे विष्णू’, ‘वाघोबा म्हणजे शंकराचा गण’ अशी वाक्ये मी उत्तरपत्रिकांत दरवर्षी वाचतो. तरुणपणी माझ्याही वहीत ती होती. जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर वाघोबाच्या फळीसमोर उभे राहून मी एका वृद्ध गृहस्थांना विचारले होते, की हा कोणाचा अवतार? त्यांनी मला नीट न्याहाळले आणि तो वाघच आहे, असे शांतपणे सांगितले. माझ्या वहीत तोवर उत्तर लिहून झाले होते. त्यांचे उत्तर मला त्याखाली लिहावे लागले.

येथे एक आक्षेप संभवतो. दैवतांचे एकीकरण हे तर महाराष्ट्राच्या धर्मेतिहासाचे सूत्रच आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात गवळी-धनगरांच्या दैवतापासून पंढरीच्या विठ्ठलापर्यंतचा प्रवास मांडला. मग ‘म्हणजे’ लिहिण्यात गैर काय? आक्षेप रास्त आहे. उत्तर असे, की समन्वय हा लोकांनी शतकानुशतके केलेला व्यवहार आहे. त्याचे पुरावे शोधून तो मांडणे हे संशोधन होय. विद्यार्थ्याने एका ओळीत तो उरकून टाकणे हे संशोधन नव्हे. म्हणून प्रत्येक ‘म्हणजे’पुढे एक प्रश्न विचारा : हे कोण म्हणाले? भगताने म्हटले असेल, तर ती सामग्री आहे. ती अवतरणचिन्हांत, त्याच्याच शब्दांत लिहा. तुम्ही म्हणत असाल, तर तो अन्वयार्थ आहे. तो वेगळ्या परिच्छेदात, कारणांसह लिहा.

४.३.६ ‘ते’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. हिंदीत किंवा इंग्रजीत हा भेद असा स्पष्ट नाही. दैवतांविषयी लिहिताना ही सर्वनामे फार काही सांगून जातात.

काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावर माझ्याकडे एका विद्यार्थ्याचा स्वाध्याय आला. तो मोखाड्याकडचा, तळोज्यातील एका कारखान्यात पाळीवर काम करणारा. त्याने लिहिले होते, ‘त्या लोकांमध्ये हिरवा नावाच्या देवाला मानतात.’ वाक्य शुद्ध होते. पण लेखन वाचताना जाणवत होते, की मोरपिसांच्या जुडीचे असे वर्णन केवळ ऐकून कोणी करणार नाही. संपर्कसत्र संपल्यावर मी त्याला एवढेच विचारले, की ही जुडी कोणत्या घरात पाहिलीत? तो थोडा थांबून म्हणाला, ‘आमच्याच घरात, सर. आजी करते.’

तीन पाने त्याने स्वतःच्या आजीला ‘ते लोक’ म्हटले होते. अभ्यासात असेच लिहावे लागते, अशी त्याची समजूत होती. ती समजूत आमच्याच पाठ्यपुस्तकांनी करून दिलेली आहे, हे मान्य करायला हवे. सुटीत तो गावी गेला आणि स्वाध्याय पुन्हा लिहून आणला. या वेळी आरंभी ‘आमच्या घरी’ असे शब्द होते. आजीने सांगितलेली एक गोष्ट त्याने गाळली होती आणि तेथे कंसात नोंद केली होती : ‘हे लिहू नको, असे आजीने सांगितले आहे.’ मी त्या कंसालाही गुण दिले. माहिती देणाऱ्याची संमती हा अभ्यासपद्धतीचा भाग आहे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आजीने ते शिकवले.

वस्तुनिष्ठता म्हणजे आपले नाते लपवणे नव्हे. नाते सांगून टाकले की वाचकाला तुमची नोंद पारखता येते. तुम्ही त्या समाजातील असाल, तर ‘आम्ही’ लिहा. नसाल, तर ‘ते लोक’ असे मोघम न लिहिता कोणत्या समाजाचे, कोणत्या पाड्यावरचे, कोणी सांगितलेले, हे लिहा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. वसुबारस आणि वाघबारस कोणत्या तिथीला असतात?
२. ‘धवलेरी’ या शब्दाचा संबंध मध्ययुगीन मराठीतील कोणत्या रचनाप्रकाराशी आहे?
३. सामग्री आणि अन्वयार्थ यांत कोणता भेद आहे?

४.४ सारांश

डोंगरी समाजांच्या दैवतविश्वात जमीन, धान्य, गाय, पाऊस, वाघ आणि प्रत्यक्ष डोंगर यांना स्थान आहे. धरतरी, कणसरी, गावतरी ही नावे नियमबद्ध भाषिक घडणीची आहेत. ती ‘सुधारून’ लिहिल्यास अर्थ हरवतो. वाघोबाच्या कथेत माणूस आणि रान यांच्यातील करार व्यक्त झाला आहे. चौक हा धवलेरीच्या गीतासह वाचायचा असतो. दैवतसमन्वय हा ऐतिहासिक विषय असून तो पुराव्यानेच मांडावा लागतो. नोंद करताना ‘म्हणजे’ कोणाचे आणि ‘ते’ कोण, हे दोन प्रश्न अभ्यासकाने सतत स्वतःला विचारावेत.

४.५ शब्दार्थ

पाडा : मुख्य गावापासून वेगळी असलेली लहान वस्ती.
भगत : देवाचे विधी करणारा व दुखण्याखुपण्याचे कारण सांगणारा जाणता.
पावरी, तारपा : तोंडाने फुंकून वाजवायची वाद्ये.
गद्धेगाळ : दान मोडणाऱ्यास शापवचन असलेला कोरीव दगड.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ (अ) १. जोडाक्षराच्या मध्ये स्वर घालून ते फोडण्याची प्रवृत्ती. २. कणीस. (आ) १. अयोग्य. २. अयोग्य.
प्रश्न २ : १. आश्विन वद्य द्वादशी. २. धवळे. ३. माहिती देणाऱ्याचे त्याच्या शब्दांतील कथन ही सामग्री. त्यावर अभ्यासकाने कारणांसह केलेला विचार हा अन्वयार्थ.

४.७ स्वाध्याय

१. ‘डोंगरावरचे देव’ आणि ‘डोंगराचे देव’ हा भेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. दैवतनामांच्या अभ्यासात भाषाविज्ञानाचा उपयोग कसा होतो, ते तीन नावांच्या आधारे लिहा.
३. ‘वाघोबाची कथा ही कराराची कथा आहे’ या विधानाची चर्चा करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील, आळीतील किंवा गावच्या शिवेवरील एका दैवताची नोंद करा. दैवत प्रसिद्ध नसले तरी चालेल. नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहा. सांगणाऱ्या व्यक्तीचे तुमच्याशी असलेले नाते लिहा. तिला प्रथम विचारा, की हे लिहिले तर चालेल का. तिची वाक्ये डाव्या पानावर आणि तुमचे विचार उजव्या पानावर ठेवा. घरातील वडीलधारे थकलेले असतील, तर हे काम पुढच्या सत्रावर ढकलू नका. उजवे पान तुम्हांला नंतरही भरता येईल. डाव्या पानासाठी मात्र सांगणारी व्यक्तीच लागते.